पासबुक उघडलं, पण दुसऱ्याचं: एका लॉगिन फॉर्मचा प्रकरण अभ्यास

शिक्षकांच्या एका सहकारी पतसंस्थेच्या संकेतस्थळावर सभासदांना आपलं पासबुक, ठेवी, कर्जाची शिल्लक आणि जामीनदारांची नावं बघता येतात. पैसे इकडचे तिकडे करता येत नाहीत, फक्त बघता येतं. आत जायला सभासद क्रमांक आणि पासवर्ड लागतो. मागे पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस. पतसंस्था, वाचनालयं, गृहनिर्माण संस्था अशा कितीतरी ठिकाणी हाच साचा चालतो, म्हणून हे प्रकरण पूर्ण मांडतो आहे. संस्थेचं नाव, गाव आणि खरे क्रमांक दिलेले नाहीत.

तक्रार

एक निवृत्त शिक्षिका शाखेत आल्या. म्हणाल्या, "माझ्या नावावर कर्ज दिसतंय. मी आयुष्यात कर्ज घेतलेलं नाही." काउंटरवरच्या लेखनिकाने त्यांचा क्रमांक आपल्या संगणकावर टाकला. कर्ज नव्हतं. "बाई, काहीच नाही बघा तुमच्या नावावर." बाईंनी फोन पुढे केला. लॉगिन झालेलं होतं, कर्ज होतं, दोन जामीनदारांची नावं होती, आणि वर डाव्या कोपऱ्यात सभासदाचं नाव होतं ते बाईंचं नव्हतं.

पतसंस्थेत कोण कोणाला जामीन आहे ही माहिती गावात फार नाजूक असते. रक्कम किरकोळ असली तरी नाव बाहेर गेलं की नाती बिघडतात. "फक्त बघताच येतं ना" म्हणून हा प्रकार हलका ठरत नाही. सचिवांनाही ते लगेच पटलं आणि संकेतस्थळाची देखभाल माझ्याकडे असल्यामुळे त्याच दुपारी फोन आला.

अशा तक्रारीत पहिला संशय सेशनवर, म्हणजे आत आलेला माणूस कोण याच्या सर्व्हरवरच्या तात्पुरत्या नोंदीवर जातो: दोघांना एकच सेशन मिळालं का, मधल्या कॅशने (पानांच्या तात्पुरत्या साठ्याने) एकाचं पान दुसऱ्याला दिलं का. दोन्ही तपासलं. बाईंच्या फोनवरचं सेशन स्वतंत्र होतं, पानांवर कॅश न करण्याची सूचना होती, ब्राउझर पूर्ण साफ केल्यावरही तेच दुसरं खातं उघडत होतं. शाखेच्या संगणकावर त्याच क्रमांकाने, त्याच पासवर्डने बाईंचं स्वतःचं खातं उघडायचं. फोनवर दर वेळी परकं. दर वेळी तेच परकं, हे महत्त्वाचं. नशिबाने होणारी गल्लत अशी एकाच जागी येऊन थांबत नाही.

मग बाईंना सावकाश टाइप करायला सांगितलं आणि खोक्यात उमटणारी अक्षरं बघितली. लेखनिक टाकत होता 2317. बाईंच्या फोनवर मराठी कळफलक होता आणि त्यावरून उमटत होतं २३१७. पासवर्ड त्यांनी एसएमएसमधून कॉपी करून चिकटवला होता, त्यामुळे तो दोन्हीकडे अक्षरशः एकच होता.

तीन ओळी

फॉर्म सबमिट झाल्यावर चालणाऱ्या फाइलमध्ये महत्त्वाच्या ओळी तीनच होत्या.

पहिल्या ओळीत प्रेग_मॅचने (मजकूर ठरावीक नमुन्यात बसतो का हे बघणारं फंक्शन) तपासणी: क्रमांकात फक्त आकडे आहेत ना? नमुन्यात आकड्यासाठी बॅकस्लॅश-डी वापरलेलं आणि शेवटी 'यू' ही खूण. ती खूण नसती तर बॅकस्लॅश-डीला फक्त इंग्रजी शून्य ते नऊ ओळखता आले असते. 'यू' लावली की पीएचपी युनिकोडच्या (जगभरच्या लिप्यांसाठीच्या प्रमाण संकेताच्या) नियमांनी चालतं, आणि युनिकोडच्या लेखी २ हाही आकडाच आहे. ही खूण चुकून आलेली नव्हती. तपासणीचं तेच फंक्शन मराठी नावांसाठीही वापरलेलं होतं आणि तिथे ती हवीच होती. तर २३१७ या तपासणीत पास.

दुसऱ्या ओळीत त्या क्रमांकाचं पूर्णांकात रूपांतर, म्हणजे इंट कास्ट. इथे पीएचपीला युनिकोडचं काही देणंघेणं नाही. मजकुराच्या सुरुवातीला इंग्रजी आकडा दिसला नाही की उत्तर शून्य. ना इशारा, ना अडथळा. एक ओळ म्हणते सगळे आकडेच आहेत, लगेच खालची म्हणते आकडा एकही नाही, आणि प्रोग्रॅम पुढे जातो.

तिसरी ओळ क्वेरीची, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नाची: सभासद तक्त्यातून अशी नोंद काढ जिचा क्रमांक इतका आहे आणि जिचा पासवर्ड-हॅश (पासवर्डवरून गणिताने काढलेला, उलट न फिरवता येणारा ठसा) असा आहे, एकच नोंद पुरे. बाईंच्या बाबतीत "इतका" म्हणजे शून्य.

शून्य क्रमांकाचा सभासद कोणीच नाही. मग नोंद सापडली कशी?

क्रमांकाचा रकाना व्हारकॅर होता, म्हणजे मजकुराचा. कारण जुन्या रजिस्टरात क्रमांक 02317 असे पुढे शून्य लावून लिहिलेले होते. मजकुराच्या रकान्याची तुलना आकड्याशी करायला सांगितली की मायएसक्यूएल दोन्ही बाजू आकड्यात बदलून मग तुलना करतो. त्यामुळे 02317 आणि 2317 जुळायचे, सगळ्यांना सोयीचं वाटायचं. पण काही वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यातली एक छोटी संस्था यात विलीन झाली होती आणि तिच्या सभासदांचे क्रमांक 'के-212' अशा अक्षराच्या उपसर्गाने आले होते. 'के-212' आकड्यात बदलला की होतो शून्य. म्हणजे शून्याशी तुलना केली की विलीन झालेल्या संस्थेतले झाडून सगळे सभासद जुळतात. मायएसक्यूएल याबद्दल एक इशारा नोंदवून ठेवतो, पण सिलेक्ट क्वेरी थांबवत नाही आणि तो इशारा कोणी मागितल्याशिवाय दिसतही नाही. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसने इथे सरळ त्रुटी दिली असती. मजकूर आणि पूर्णांक यांची अशी तुलना तो करूनच देत नाही.

उरला पासवर्ड. सुरुवातीला सगळ्या सभासदांना एकच पासवर्ड दिलेला होता, "पहिल्यांदा आत गेल्यावर बदला" अशा सूचनेसह. बाईंनी तो बदललेला नव्हता. 'के' वाल्यांनी तर कोणीच बदललेला नव्हता, कारण त्यांना कधी आत जाताच आलं नव्हतं: त्यांच्या क्रमांकात अक्षर, म्हणून पहिल्याच ओळीत ते अडायचे. "ऑनलाइन सुविधा आपल्यासाठी नाही" अशीच त्यांची समजूत झाली होती. हॅश एमडी५ या जुन्या पद्धतीचा, विना सॉल्ट (प्रत्येक पासवर्डमध्ये मिसळायचा वेगळा यादृच्छिक मजकूर), त्यामुळे सारखा पासवर्ड म्हणजे सारखा हॅश. बाईंची क्वेरी विचारत होती, 'के' वाल्यांपैकी हा पासवर्ड कोणाचा आहे? उत्तर होतं, सगळ्यांचा. डेटाबेसने पहिला दिला.

ज्यांनी पासवर्ड बदलला होता आणि जे मराठी आकडे टाकत होते, त्यांना मात्र "चुकीचा पासवर्ड" असं उत्तर मिळायचं. शाखेच्या वहीत अशा तक्रारी बऱ्याच होत्या, आणि "पासवर्ड रीसेट करून दिला" हे प्रत्येकीपुढे लिहिलेलं उत्तर. रीसेट म्हणजे पुन्हा तोच सामाईक पासवर्ड. म्हणजे ज्याला निदान दार बंद होतं, त्याला आपण दुसऱ्याच्या घरात सोडत होतो.

यात इंजेक्शन नव्हतं

इंजेक्शन म्हणजे फॉर्ममधून क्वेरीचेच तुकडे घुसवून ती बदलणं. ते इथे नव्हतं हे मुद्दाम सांगतो, कारण या फाइलची याआधी सुरक्षा तपासणी झालेली होती आणि ती निर्दोष ठरली होती. ते बरोबरच होतं. क्रमांक पूर्णांकात बदललेला, हॅशमध्ये फक्त सोळा प्रकारची अक्षरं, त्यामुळे अवतरणचिन्ह घुसवून क्वेरी मोडायला जागाच नव्हती. "आकडा असेल तर इंट कास्ट करा" हा त्या काळचा सर्रास सल्ला होता आणि मूळ प्रोग्रॅमरने तो पाळला होता. त्याने काळजी घेतली होती. ती दुसऱ्या धोक्याची होती.

"आपण तर पीएचपी ८ वर गेलोय, तरी असं कसं?" असंही समितीत विचारलं गेलं. पीएचपी ८.० मध्ये, म्हणजे नोव्हेंबर २०२० पासून, शून्य आणि अक्षरी मजकूर यांची सैल तुलना खरी ठरत नाही, ही सुधारणा मोठी आहे. पण इथे तुलना पीएचपीत होतच नव्हती, ती मायएसक्यूएलमध्ये होत होती. आणि स्पष्टपणे लिहिलेला इंट कास्ट आठव्या आवृत्तीतही मुकाट शून्य देतो.

मुळात पीएचपीचा हा सैलपणा फॉर्ममुळेच आला आहे. रास्मुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये बाहेर आणलेल्या सुरुवातीच्या एका रूपाच्या नावातच फॉर्म्स इंटरप्रिटर, म्हणजे फॉर्मचा अर्थ लावणारा, असे शब्द होते. फॉर्ममधून जे येतं ते सगळं मजकूर म्हणून येतं, वय असो की रक्कम. तेव्हा भाषेने ते आपणहून आकडा समजून घ्यावं ही सोय होती. साध्या अभिप्रायाच्या फॉर्मला ती चालते. लॉगिनला चालत नाही.

माझ्या मते खरा दोष इंट कास्टचाही नाही. तो क्वेरीच्या घडणीत आहे. लॉगिनला दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे असतात. आधी: तुम्ही कोण असल्याचं सांगता? मग: ते तुम्हीच, याची खात्री काय? या क्वेरीत दोन्ही एकत्र विचारले होते, "असा क्रमांक आणि असा पासवर्ड असलेलं कोणी आहे का?" आणि असा प्रश्न विचारला की डेटाबेस "कोणीतरी आहे" एवढंच सांगू शकतो.

लॉगमध्ये काय होतं

दुरुस्तीआधी किती जणांचं काय उघड झालं हे कळणं गरजेचं होतं. वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये (आलेल्या विनंत्यांच्या नोंदवहीत) पोस्टने, म्हणजे फॉर्म भरून पाठवलेली माहिती नसते, त्यामुळे कोणी मराठी आकडे टाकले ते तिथून कळणार नव्हतं. पण संस्थेच्या डेटाबेसमध्ये यशस्वी लॉगिनचा एक तक्ता होता: वेळ, आयपी (इंटरनेट जोडणीचा पत्ता), ब्राउझरची ओळख आणि कोणत्या सभासदाचं खातं उघडलं. इथे एक गोष्ट आपल्या बाजूने होती. 'के' वाल्या सभासदांना योग्य मार्गाने आत जाणं शक्यच नव्हतं. म्हणून त्यांच्या नावावरची प्रत्येक यशस्वी नोंद ही चुकीचीच नोंद.

त्या नोंदी वेगळ्या काढल्या. सुरुवातीच्या सगळ्या एकाच सभासदाच्या खात्यावर होत्या, तक्त्यात पहिल्या असलेल्या. वेगवेगळे फोन, वेगवेगळ्या वेळा. मग एका दिवसापासून बाकीचे फोन दुसऱ्या 'के' सभासदाच्या खात्यावर जायला लागले. पहिल्या खात्यावर फक्त एक फोन येत राहिला, महिन्यातून एकदोनदा, अगदी नियमित.

अर्थ लागायला थोडा वेळ गेला. त्या फोनच्या मालकाने सूचनेप्रमाणे पासवर्ड बदलला होता. स्वतःचा समजून, दुसऱ्याचा. पुढच्या वेळी त्यांनी मराठी आकडे आणि नवा पासवर्ड टाकला. शून्य आणि तो हॅश ही जोडी त्याच खात्याशी जुळली. त्यांच्या दृष्टीने सगळं सुरळीत चालू होतं. बाकीच्यांसाठी सामाईक पासवर्ड असलेला पहिला माणूस आता दुसरा होता, म्हणून ते तिकडे सरकले.

दुसरं दार

याच तपासात पासबुकाचं पान उघडून बघितलं. पानाच्या वर तपासणी होती: सेशनमध्ये सभासद नसेल तर हेडरने (पानाआधी ब्राउझरला जाणाऱ्या सूचनेने) लॉगिन पानाकडे पाठव. त्यापुढे एक्झिट, म्हणजे इथेच थांब ही आज्ञा, नव्हती. हेडर पाठवल्याने पीएचपी थांबत नाही, खालचा सगळा कोड चालतो आणि त्यातून तयार झालेलं पान हेडरपाठोपाठ बाहेर जातं. ब्राउझर लगेच दुसऱ्या पानावर उडी मारतो म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही. कर्ल या ब्राउझरशिवाय पान मागवणाऱ्या साधनाने, लॉगिन न करता, ते पान मागवलं. पुनर्निर्देशनाचा हेडर आला आणि त्याखाली संपूर्ण पासबुक.

कोणाचं? सेशन रिकामं, रिकाम्याचा इंट कास्ट शून्य, आणि पुन्हा तीच तुलना. 'के' वाल्यांचे सगळ्यांचे व्यवहार एका पानात, लॉगिन नसलेल्या कोणालाही. बाईंची तक्रार आली नसती तर हे आणखी किती काळ उघडं राहिलं असतं कोण जाणे. एक्झिट घालून आणि सभासदांचा विभाग तात्पुरता बंद करूनच पुढचं काम हाती घेतलं.

अशा घटनेची माहिती सर्ट-इनला, म्हणजे सायबर घटनांसाठीच्या केंद्र सरकारच्या यंत्रणेला द्यावी लागते. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत, आणि लॉग १८० दिवस जपून ठेवायचे असतात. सचिवांना हे माहीत नव्हतं, पण सांगितल्यावर त्यांनी टाळाटाळ केली नाही. आपल्याकडे "आधी दुरुस्त करू, मग बघू कोणाला सांगायचं ते" अशी प्रवृत्ती असते. त्या मानाने त्यांचं वागणं मोलाचं वाटलं.

नवी घडण

नव्या फाइलमध्ये फॉर्मची माहिती हातात आल्यावर आधी तो पोस्टनेच आला आहे का आणि दोन्ही रकाने मजकूरच आहेत का हे बघितलं जातं. रकान्याच्या नावाला चौकटी कंस लावून पाठवला तर पीएचपी त्याची यादी, म्हणजे अ‍ॅरे करतो, हे अनेकांच्या लक्षात नसतं. मग फॉर्मसोबतचं टोकन (फॉर्म आपल्याच पानावरून आला याची गुप्त खूण) हॅश_इक्वल्सने पडताळलं जातं.

त्यानंतर क्रमांकाला एकच रूप दिलं जातं: कडेच्या मोकळ्या जागा काढायच्या, मराठी आकडे इंग्रजी करायचे, पुढची शून्यं काढायची. आकडे बदलायला एसटीआरटीआर हे अक्षरं बदलणारं फंक्शन वापरलं. इथे एक खड्डा आहे. या फंक्शनला तीन गोष्टी दिल्या तर ते बाइटगणिक (साठवणीच्या एककागणिक) बदल करतं; देवनागरी आकडा यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटचा, त्यामुळे मजकुराचा चुराडा होतो. जोड्यांचा अ‍ॅरे दिला की काम चोख होतं. मराठी आकडे नाकारावेत, "कृपया इंग्रजी अंक वापरा" अशी पाटी लावावी, असंही सुचवलं गेलं. मी ठाम विरोध केला. मराठी शिक्षकांच्या संस्थेत मराठी आकड्याला दारात अडवणं हा प्रोग्रॅमचा आळस आहे, सभासदाचा दोष नाही.

तक्त्यात या एकरूप क्रमांकासाठी नवा रकाना केला, त्यावर युनिक इंडेक्स (एक क्रमांक दोनदा येऊ न देणारी सूची) लावला आणि त्यात फक्त आस्की, म्हणजे साधी इंग्रजी अक्षरं, चिन्हं आणि आकडेच मावतील अशी व्यवस्था केली. इंडेक्स लावतानाच दोन टकरी सापडल्या, त्या रजिस्टर बघून हाताने सोडवल्या. क्वेरी आता प्रिपेअर्ड स्टेटमेंटने (क्वेरीचा साचा आणि त्यात भरायची माहिती वेगवेगळी देऊन), क्रमांक मजकूर म्हणूनच बांधलेला, आणि पासवर्डचा तीत उल्लेखच नाही. ती एक नोंद देते किंवा एकही देत नाही.

खात्री पटवण्याचं काम पासवर्ड_व्हेरिफायचं. पासवर्ड_हॅश आणि हे फंक्शन पीएचपी ५.५ पासून, म्हणजे २०१३ पासून उपलब्ध आहेत. प्रत्येक हॅशमध्ये वेगळं सॉल्ट असल्यामुळे हॅश क्वेरीच्या अटीत घालून शोधताच येत नाही. आधी नोंद काढावी लागते, मग पडताळावी लागते. दोन प्रश्न वेगळे करणं इथे तुमच्या शिस्तीवर सोडलेलंच नाही. नोंद सापडली नाही तरी एका खोट्या हॅशशी पडताळणी चालवतो, म्हणजे उत्तराला लागणाऱ्या वेळेवरून क्रमांक खरा की खोटा ते कळू नये. संदेशही दोन्ही वेळी एकच: "सभासद क्रमांक किंवा पासवर्ड चुकीचा आहे."

जुन्या एमडी५ हॅशचं काय करायचं? सभासद परत येईपर्यंत ते तसेच ठेवणं धोक्याचं. म्हणून सगळे एमडी५ हॅश एका रात्रीत पासवर्ड_हॅशमधून काढले आणि नोंदीवर खूण केली. सभासद पुढे यशस्वी आत आला की मूळ पासवर्डचा थेट हॅश करून खूण काढायची. सामाईक पासवर्डवाली खाती मात्र पूर्ण बंद केली. ती ओळखायला एक साधी क्वेरी पुरली, कारण सगळ्यांचा हॅश एकच होता. तक्ता चोराच्या हाती लागला असता तर त्यालाही तेवढंच पुरलं असतं. या सभासदांना नवा पासवर्ड शाखेत ओळखपत्र दाखवून, किंवा नोंदवलेल्या मोबाइलवर येणाऱ्या थोड्या वेळाच्या लिंकवरून स्वतः ठरवता येतो. सगळ्यांना एकच पासवर्ड ही पद्धत बंद.

मराठीत पासवर्ड ठेवणाऱ्यांचाही विचार करावा लागला. पासवर्ड_हॅशमागची बीक्रिप्ट ही पद्धत पहिले ७२ बाइट बघते, पुढचं सोडून देते. इंग्रजीत ती ७२ अक्षरं, देवनागरीत मात्रा आणि हलन्त धरून फक्त २४ चिन्हं. कोणी लांबलचक मराठी वाक्य ठेवलं तर शेपूट गळून जाईल आणि त्याला कळणारही नाही, म्हणून मर्यादेबाहेरचा पासवर्ड ठेवतानाच स्पष्ट सांगून नाकारला जातो. शिवाय "दुसऱ्या" या शब्दातला ऱ दोन प्रकारे साठवता येतो, एकच चिन्ह म्हणून किंवा र आणि नुक्ता मिळून. दिसायला सारखे, बाइट वेगळे, म्हणून हॅश वेगळा. फोनवर ठेवलेला पासवर्ड संगणकावर चालत नाही असं व्हायला नको, म्हणून हॅश करण्याआधी मजकूर युनिकोडच्या प्रमाण रूपात आणला जातो.

पासवर्ड जुळल्यावर सेशन_रीजनरेट_आयडीने सेशनचा क्रमांक बदलायचा, सभासदाची ओळख सेशनमध्ये ठेवायची, ३०३ या पुनर्निर्देशनाच्या उत्तराने पासबुकाकडे पाठवायचं आणि एक्झिट. सेशनच्या कुकीला सिक्युअर (फक्त सुरक्षित जोडणीवर जाणारी), एचटीटीपी-ओन्ली (पानातल्या स्क्रिप्टला न दिसणारी) आणि सेमसाइट (दुसऱ्या संकेतस्थळावरून आलेल्या विनंतीसोबत सहसा न जाणारी) ही तिन्ही बंधनं.

चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा घालताना आयपीवर विसंबलो नाही. मोबाइल कंपन्या एकाच आयपीमागे पुष्कळ ग्राहक ठेवतात आणि एका शाळेतले सगळे शिक्षक एकाच जोडणीवरून येतात; एकाच्या चुकीने सगळी शाळा अडायची. खातं कायमचं कुलूपबंद करणंही नको, कारण मग कोणीही खोडसाळपणे दुसऱ्याचा क्रमांक टाकून त्याला बाहेर ठेवू शकतो. प्रत्येक चुकीनंतर त्या खात्यासाठी थांबण्याचा वेळ वाढत जातो, आणि एका आयपीवरून अनेक क्रमांकांवर प्रयत्न झाले तरच आयपीकडे बघितलं जातं.

शेवटची कामं

उरलेल्या सगळ्या फाइलींत इंट कास्ट आणि क्रमांकाचा रकाना एकत्र कुठे येतात ते शोधलं. कर्ज-चौकशी आणि वार्षिक सभेची नोटीस डाउनलोड करण्याचं पान, दोन्हींत तेच सापडलं. दोन्हीकडे एकरूप क्रमांकाचं सामाईक फंक्शन बसवलं. चाचण्यांमध्ये २३१७, 2317, 02317, अर्धे मराठी अर्धे इंग्रजी आकडे, रिकामा रकाना, नुसतं शून्य आणि के-212 हे सगळे क्रमांक कायमचे घातले आहेत.

ज्यांची माहिती उघड झाली त्या 'के' सभासदांना संस्थेने लेखी कळवलं: कोणती माहिती, कोणत्या काळात, आणि लॉगिनशिवायही ती मिळू शकत होती ही गोष्टसुद्धा. जामीनदारांना वेगळी पत्रं गेली. जे नियमितपणे दुसऱ्याचं पासबुक आपलं समजून बघत होते, त्यांना फोनच्या नोंदीवरून शोधून काढणं शक्य नव्हतं. सामाईक पासवर्ड बंद झाल्यावर ते स्वतःच शाखेत आले, "माझं कर्ज फेडून झालं का" असं विचारत, आणि लेखनिकाने त्यांना त्यांच्या खऱ्या खात्यात पहिल्यांदा लॉगिन करून दिलं.